मागच्या जिन्यावर

प्रिय मेकॅनिक,

सकाळी तुला डबा भरून दिला, शर्टाचं वरचं बटण लाव म्हणून सांगितलं, तू नेहमीसारखं ते लावलं नाहीस आणि दोघं आपापल्या कामाला निघालो. संध्याकाळी पुन्हा एकाच टेबलावर जेवायला बसू. असं असताना पत्र कसलं लिहायचं, असं तू म्हणशील. पण गेले तीन दिवस मी तोंड उघडायचा प्रयत्न करतेय आणि दर वेळी ‘भाजीत मीठ बरोबर आहे ना’ असलंच काहीतरी बाहेर पडतंय. म्हणून लॅबमध्ये बसून लिहितेय. जेवणाची सुट्टी आहे. बाकीचे खाली गेलेत. भट्टीत चार नकली दात भाजायला ठेवलेत, त्यांची शिट्टी होईपर्यंत मला कुणी उठवणार नाही.

तुला ती अकरा मजल्यांची इमारत आठवते का, असं विचारणं म्हणजे मूर्खपणा आहे. लिफ्ट आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मधे अडकली होती, आत एक म्हातारी बाई होती आणि मशीन रूम गच्चीवर. तू आणि तुमच्या वर्कशॉपमधले मामा जिन्याने निघालात. सातव्या मजल्यावर तू पायरीवर बसलास. तुझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले मामा तुझ्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी काढून घेऊन पुढे गेले आणि तू भिंतीला टेकून श्वास शोधत राहिलास. ती म्हातारी चाळीस मिनिटं अंधारात उभी होती. बाहेर आल्यावर तिने मामांचे हात धरले आणि तुला विचारलं, ‘तुम्हाला बरं नाही का हो?’ हे सगळं तू मला त्याच संध्याकाळी बाल्कनीत उभं राहून सांगितलंस. तेव्हा तुझ्या हातात सिगरेट होती आणि माझ्याही. सांगून झाल्यावर तू तुझ्या सिगरेटकडे असं पाहिलंस, जसं काही ती तुझ्या हातात दुसऱ्याच कुणीतरी ठेवलीय.

मग डॉक्टर, ती नळीत फुंकायची परीक्षा, आणि डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य: ‘वय सेहेचाळीस, फुप्फुसं पासष्टची.’ तू घरी येताना विनोद करत होतास, की चला, निवृत्तीला लागलो. मी हसले नाही. मी म्हटलं, सोडायची. दोघांनी. एकाच दिवशी. तू म्हणालास, ‘तुला काय, तू तर खारूच्या वेळी एका झटक्यात सोडली होतीस.’ आणि मी मान ताठ करून म्हटलं, ‘हो, सोडून दाखवलीय.’ त्या एका गोष्टीचा मला किती गर्व होता! पोटात लेक होती, तिच्यासाठी दीड वर्ष हात लावला नव्हता, म्हणजे मी कधीही सोडू शकते. त्या दीड वर्षात तू बाल्कनीत दार लावून एकटा उभा असायचास. आणि ज्या दिवशी मी पुन्हा दार उघडून तुझ्या शेजारी येऊन उभी राहिले, त्या दिवशी तू काय म्हणालास? ‘आलीस? बरं झालं.’ आपण दोघांनीही तेव्हा हा विचार केला नाही, की बरं नेमकं काय झालं.

खरं सांगायचं तर आपला सगळा संसार त्या दहा दहा मिनिटांत झाला. ओळख इथेच झाली, या लॅबच्या मागच्या जिन्यावर. तू आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आला होतास, मी मेणाने माखलेल्या हातांनी काडी पेटवायचा प्रयत्न करत होते. तू काडी पेटवून दिलीस. मी तुला लिफ्टमन म्हटलं आणि तू रागावलास: ‘लिफ्टमन लिफ्ट चालवतो. मी मेकॅनिक आहे.’ त्यानंतर घर घ्यायचं की नाही, तुझ्या आईला माझं सिगरेट ओढणं कळू न देता तिला आपल्याकडे कसं ठेवायचं, खारूला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं आपण हातात सिगरेट धरूनच ठरवलं. सोडायची म्हणजे ते बोलणंही जाणार, हे आपल्या लक्षात आलं नव्हतं.

पहिला पंधरवडा. देवा! तू घरातली एकही वस्तू न उघडता ठेवली नाहीस. हात रिकामे राहिले की तुला वेड लागायचं, म्हणून दुसऱ्या दिवशी मिक्सर उघडलास, तिसऱ्या दिवशी पंखा, मग इस्त्री, मग खारूचा टेबललॅम्प. ती म्हणाली, ‘बाबा, मी स्वस्थ बसले तर मलाही उघडाल.’ आपण हसलो, आणि पाचच मिनिटांत तू कपाटाच्या दाराला लाथ घातलीस, कारण ते नीट लागत नव्हतं. माझ्या तोंडात फोड आले होते. झोप नव्हती. लॅबमध्ये मी एका कवळीत डावी दाढ उजवीकडे बसवली. तरीही मला ते दिवस आवडतात, कारण ते खरे होते. ‘चल’ हा नियम तुझाच. ज्याला तलफ येईल त्याने ‘चल’ म्हणायचं आणि दुसऱ्याने हातातलं काम टाकून त्याच्याबरोबर बाहेर पडायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. किती वेळा पडलो! एकदा मी डोक्याला तेल लावलेलं असताना, एकदा तू अर्धी दाढी करून. चौकातून उजवीकडे, बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीकडेने, शाळेच्या फाटकापर्यंत आणि परत. त्या भिंतीपाशी तू मला पहिल्यांदा तुझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलंस. लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर. मला वाटलं, बाल्कनी गेली तरी काही बिघडलं नाही, आपल्याला भिंत मिळाली.

आता इथून पुढचं तुला माहीत नाही.

एकोणिसावा दिवस होता. एका शिक्षिकेच्या पुढच्या सहा दातांच्या कॅपा तिसऱ्यांदा परत आल्या होत्या. रंग जुळत नव्हता. मला जुळतोय असं वाटत होतं, डॉक्टरांना नाही. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बाई, डोळे तपासून घ्या, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी बसू द्या त्या जागेवर.’ बावीस वर्षं मी त्या जागेवर बसतेय. मी उठले आणि मागच्या जिन्यावर जाऊन उभी राहिले. तिथे आमचे प्लास्टरवाले काका होते, साचे ओतणारे. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि पाकीट पुढे केलं. त्यांचा काही दोष नाही. त्यांना काय माहीत मी सोडलीय ते! मी लॅबमध्ये कुणाला सांगितलंच नव्हतं. का सांगितलं नव्हतं, ते आता कळतंय.

मी ओढली. मजा आली नाही, डोकं गरगरलं, पायरीचा कठडा धरावा लागला. पण दुसऱ्या झुरक्याला असं वाटलं, की दिवसभर घट्ट बूट घातलेले असावेत आणि कुणीतरी ते पायातून काढून घ्यावेत. मी मनाशी म्हटलं, एकच. घरी जाऊन सांगून टाकू. खरंच सांगणार होते रे. जिना चढताना वाक्यसुद्धा जुळवलं होतं. दार उघडलं तर तू चपला घालून तयार. तुझे डोळे लाल. म्हणालास, ‘चल.’ आणि त्या भिंतीपाशी थांबून तू माझा दंड धरलास आणि म्हणालास, ‘आज दुपारी मी पाकीट विकत घेतलं होतं. उघडलं नाही, गटारात टाकलं. का माहितीये? तू ओढत नाहीयेस म्हणून. तू ओढलीस ना, तर मग मी कशासाठी मरतोय? मग मीही ओढेन, साफ सांगतो.’

माझ्या जुळवलेल्या वाक्याचं काय झालं ते तूच बघ. मी म्हटलं, ‘मी कशाला ओढतेय!’

त्यानंतर रोज. आधी एक, मग दोन, मग दुपारी दोन आणि निघताना एक. पकडली गेले नाही याचं कारण तुला ठाऊक आहे, फक्त तू ते कारण म्हणून पाहिलं नाहीस. कवळीचं गुलाबी प्लास्टिक कालवायला आम्ही जे औषध वापरतो, त्याचा वास केसांत, कपड्यांत, नखांत बसतो. लग्न झाल्यापासून तू त्या वासाला नाक मुरडत आलास. आणि त्या महिन्यात तू माझ्या केसांत तोंड घालून म्हणालास, ‘हा वास बरा गं. सिगरेटचा विसरायला लागलो.’ मी तशीच उभी राहिले. तू मला मिठीत घेतलं होतंस आणि माझ्या मनात फक्त एवढंच होतं, की श्वास तुझ्या तोंडासमोर सोडायचा नाही.

याहून वाईट म्हणजे मी तुझ्यावर पहारा ठेवायला लागले. तुझे खिसे चाचपायचे, बोटं हुंगायचे. चोराने फौजदार व्हावं तशी. तुझ्या कानामागे एकदा न पेटवलेली सिगरेट सापडली, कुण्या गिऱ्हाइकाने दिलेली, तू विसरून ठेवलेली. मी केवढा तमाशा केला! तुला खारूची शपथ घ्यायला लावली. तू घेतलीस. डोळ्यांत पाणी आणून घेतलीस. मला वाटायचं, तू निदान एकदा घसरावंस. एकदा! म्हणजे मी तुला जवळ घेऊन म्हणेन, अरे होतं असं, मीही. तू घसरलाच नाहीस. तू दिवसागणिक बरा होत गेलास, जिना चढायला लागलास, सकाळी शीळ घालायला लागलास, आणि मला तुझ्या शिळेचा राग यायचा. आता हे वाचून तुला किळस आली तर मी समजू शकते.

आता खारूचं.

भट्टी बिघडली म्हणून आमची लॅब तीन दिवस बंद होती, आठवतं? मी घरीच होते. घरी मागचा जिना नाही. दोन दिवस मी फरशा घासल्या, पडदे धुतले. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मी खारूच्या खोलीत गेले, कारण तिच्या एकटीच्याच खोलीची खिडकी मागच्या बाजूला उघडते. ती कॉलेजला, तू कामावर. तिच्या पलंगावर गुडघे टेकून, खिडकीबाहेर कोपरं काढून ओढली. फोन वाजला. तुझाच होता, दूध घेऊन येऊ का म्हणून. मी घाईने तिच्या क्रीमच्या डबीच्या झाकणात ती विझवली, झाकण बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं, फोनवर ‘एक लिटर’ म्हटलं आणि झाकण विसरून गेले.

तू दूध घेऊन लवकर आलास. आणि इतके दिवस ती ज्या खिडकीच्या कडीबद्दल भुणभुण करत होती, ती दुरुस्त करायला नेमका त्याच दिवशी गेलास.

संध्याकाळी ती आली तेव्हा तू ते झाकण जेवणाच्या टेबलावर ठेवून बसला होतास. मी ओट्यापाशी कांदा चिरत होते. तुला माहीत असलेली गोष्टच मी पुन्हा सांगतेय, पण तुझी पाठ माझ्याकडे होती, म्हणून तू अर्धीच पाहिलीस. तू विचारलंस, ‘ही कुणाची?’ तिने झाकणाकडे पाहिलं. मग तुझ्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही, कांद्याचे दोन काप पडतील इतका वेळ. मी खाली मान घातली आणि तिसरा काप केला. ती म्हणाली, ‘माझी.’

तू उठून उभा राहिलास. ‘तुझी? मी इथे रोज जिवाचं पाणी करतोय, तुझी आई माझ्याबरोबर जळतेय, आणि तू आमच्याच घरात बसून?’ ती म्हणाली, ‘चुकलं बाबा.’ तू म्हणालास, ‘तुझ्यावर माझा विश्वास होता. तुझ्या आईच्या पायाचं तीर्थ घे, तिच्याकडून शीक काहीतरी.’  मी चिरलेला कांदा कढईत टाकला आणि त्याचा आवाज एवढा झाला, की पुढचं मला ऐकू आलं नाही. मी मुद्दामच गॅस मोठा केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूमच्या दाराशी तिला गाठलं.  तीच म्हणाली, ‘तुझ्या डब्याच्या पिशवीत काड्यापेटी असते आई, मला महिनाभर माहितीये.’ मी विचारलं, ‘मग तू असं का सांगितलंस?’ एकोणीस वर्षांची पोर, टॉवेल खांद्यावर टाकून, किती साधेपणाने म्हणाली: ‘बाबांनी तुझ्या भरवशावर सोडलीय. तू पडलीस तर ते पडतील. मी पडले तर नुसते चिडतील.’ आणि आत जाताना वळून म्हणाली, ‘पण तू बंद कर हं.’ मी म्हटलं, करते.

पुढचे दोन आठवडे तू तिच्याशी बोलला नाहीस. मला म्हणालास, तिची बॅग तपासत जा. मी तपासली. तिच्या देखत, रोज संध्याकाळी, पाण्याची बाटली, वह्या, रुमाल एकेक बाहेर काढून. ती हात पुढे करून उभी राहायची, बोटं हुंगून घ्यायला. मी हुंगलीसुद्धा. एकदा तिने हळूच विचारलं, ‘कसला वास येतोय?’ साबणाचा येत होता. तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला तू घरी यायला बंदी केलीस, तिनेच शिकवलं असणार म्हणून. त्या बिचारीला तर काडी धरतासुद्धा येत नसेल. मग खारू तुझ्या ताईकडे राहायला गेली. कॉलेज जवळ पडतं म्हणाली. तू म्हणालास, ‘जाऊ दे, रुसली आहे, येईल.’ तीन महिने झाले. ताईंचा फोन येतो तेव्हा तू ‘अभ्यास करतेय ना?’ एवढंच विचारतोस आणि मग बराच वेळ खिडकीतून बाहेर बघतोस.

मी बंद करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा नऊ दिवस, एकदा चार. पण ‘चल’ कुणाला म्हणणार? तुझ्या लेखी मी सुटलेली होते. तलफ आली की मी एकटीच लॅबच्या जिन्यावरून वर-खाली करायचे, आणि खाली गेलं की प्लास्टरवाले काका असायचेच. हे मी माझ्या बाजूने काही म्हणून सांगत नाहीये. तुला सगळं माहीत असावं म्हणून सांगतेय.

गेल्या महिन्यात तुझ्या वर्कशॉपमधला तो चहाचा कार्यक्रम झाला. तू त्याच अकरा मजल्यांवर पिशवी घेऊन न थांबता चढलास, आणि मामांनी ते सगळ्यांना असं सांगितलं, जसं काही तू डोंगरच उचलून आणलास. तुला चार शब्द बोलायला लावलं. तू कधी चारचौघांत बोलत नाहीस. कान लाल झाले होते तुझे. म्हणालास, ‘श्रेय माझं नाही. हिने माझ्याबरोबर सोडली. मी रात्रंदिवस चिडचिड केली, हिने एक शब्द काढला नाही.’ टाळ्या झाल्या. कुणाची तरी बायको मला कोपऱ्यात घेऊन विचारायला लागली, तुम्ही कसं हो जमवलंत, आमच्या ह्यांचं काही केल्या सुटत नाही. मी तिला सांगितलं, दालचिनीचा तुकडा चघळायला द्या. माझ्या पर्समध्ये तेव्हा पाकीट होतं.

आणि मग हा मंगळवार. तू चहा पिताना म्हणालास, ‘मी शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो की ताईकडे जातो. खारूला घेऊन येतो.’ मला इतका आनंद झाला की मी कप खाली ठेवला. मग तू म्हणालास, ‘मी तिला माफ करायचं ठरवलंय. पोरच आहे. तिने एकदा माझ्या डोळ्यांत बघून “बाबा, पुन्हा नाही करणार” म्हणावं, की माझ्यासाठी विषय संपला.’ तू हे वाक्य किती दिवस घोळवत होतास ते तुझ्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी म्हटलं, ‘बरं.’

बुधवारी मी अर्धी रजा घेऊन तिच्या कॉलेजवर गेले. कॅन्टीनमध्ये बसलो. बारीक झालीय. केस कापलेत, तुला सांगितलं नसेल कुणी. मी तिला सांगितलं, बाबा शनिवारी येतायत आणि त्यांना काय ऐकायचंय ते. ती म्हणाली, ‘म्हणेन की. एका वाक्याचं काय एवढं.’ मग तिने विचारलं, ‘तू अजून?’ मला खोटं बोलता आलं असतं. इतकी सवय झालीय, की काही कष्टच पडत नाहीत. मी हो म्हटलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पेला थोडा बाजूला सरकवला, टेबलावर हात ठेवले आणि म्हणाली, ‘आई, मी म्हणेन ते वाक्य. पण मी आता दमले गं.’ आणि उठून तासाला गेली. मी तिथेच बसून राहिले. आजूबाजूला तिच्या वयाची मुलं हसत होती. तिच्या पेल्यात चहा तसाच होता.

भट्टीची शिट्टी झाली, दात काढून ठेवले आणि पुन्हा येऊन बसले. आता एवढंच उरलंय. तू उद्या तिला माफ करायला निघणार आहेस, आणि तुझ्याकडून माफी घ्यावी असं तिने काहीही केलेलं नाही. ते वाक्य तिच्या तोंडून निघण्याआधी तुला हे कळायला हवं, म्हणून हे पत्र. जा, नक्की जा, पण तिच्याकडून काही वदवून घेऊ नकोस. सांगायचं असेल तर सांग, की तुझ्या आईने सगळं सांगितलंय. घरी आल्यावर मला काय म्हणायचं ते तू ठरव. माझ्यासाठी मी आज काही मागत नाही. आज सकाळपासून ओढलेली नाही, पण ते लिहितानासुद्धा मला लाज वाटतेय, कारण असे दिवस मी आधीही मोजलेत. आणि एक. हे पत्र मी घरी तुझ्या उशीवर ठेवू शकले असते किंवा तुझ्या डब्यात घालू शकले असते. त्याऐवजी आज संध्याकाळी वर्कशॉपवर जाऊन ते मामांच्या हातात देणार आहे, उद्या काम संपल्यावर तुला द्यायला सांगून. ते बंद पाकीट असेल, त्यांना काही माहीत नाही. मी त्यांना फक्त एवढंच सांगणार आहे, की याचं वाचून होईपर्यंत आणि त्यानंतर ताईच्या दारात पोचेपर्यंत याच्या शेजारून हलू नका, आणि वाटेत कुठल्याही टपरीवर याला थांबू देऊ नका. तू त्या भिंतीपाशी मला साफ सांगितलं होतंस, की मी ओढली तर तू काय करशील. मी ओढली. तू नको. शेजारी बघ, मामा बसलेत. जे काय बोलायचंय ते आधी त्यांना बोल, आणि मग लेकीकडे जा.

तुला चालणार असेल तर,
तुझीच